कैफियत आहे, दावा नाही : वैद्यकीय व्यवसायातील ‘कट’ आणि मराठी डॉक्टरांचे साक्षीलेखन

प्रस्तावना

वैद्यकीय व्यवसायातील आर्थिक प्रलोभनांचा विषय मराठी वाचकाला नवा नाही. डॉ. अरुण लिमये यांच्या ‘क्लोरोफॉर्म’ या पुस्तकाने चार दशकांहून अधिक काळापूर्वी या व्यवसायाच्या अंतरंगाचे अप्रिय दर्शन घडविले होते. पुढे अजित दळवी यांच्या ‘डॉक्टर! तुम्हीसुद्धा’ या नाटकाने डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील विश्वासाचा प्रश्न रंगभूमीवर आणला. मात्र २०१० नंतरच्या दशकात या विषयावरील लेखनाचे स्वरूप बदललेले दिसते. एकट्या लेखकाच्या अनुभवाची जागा अनेक डॉक्टरांच्या एकत्रित साक्षीने घेतली. डॉ. अरुण गद्रे यांचे ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’ हे पुस्तक आणि डॉ. गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांचे ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ (२०१६) हे इंग्रजी पुस्तक ही या प्रवाहातील दोन महत्त्वाची पुस्तके होत. याच काळात महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध उघड भूमिका घेतली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रामुळे ते मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेत.

प्रस्तुत लेखात या साक्षीलेखनाचा विचार दोन अंगांनी करावयाचा आहे. या लेखनाने कोणते सत्य उघड केले, हा पहिला प्रश्न. आणि ज्या रूपबंधातून हे सत्य आले त्या रूपबंधाने कोणती गोष्ट झाकली, हा दुसरा. प्रतिपादन थोडक्यात असे : प्रामाणिक डॉक्टरांची साक्ष हा या विषयावरील आजवरचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे, परंतु ती डॉक्टरांची ‘कैफियत’ आहे. ज्याचे नुकसान होते त्या रुग्णाचा ‘दावा’ मराठी लेखनात अद्याप उभा राहिलेला नाही.

१. ‘कट’ : एका शब्दाचा विचार

ज्या व्यवहाराविषयी आपण बोलत आहोत त्याचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे. एक डॉक्टर आपल्याकडे आलेल्या रुग्णास दुसऱ्या तज्ज्ञाकडे, प्रयोगशाळेत, स्कॅन केंद्रात अथवा रुग्णालयात पाठवितो. पाठविल्याबद्दल त्याला बिलाच्या रकमेतील काही हिस्सा मिळतो. हा हिस्सा म्हणजे ‘कट’. इंग्रजी शब्द मराठीत रुळला आणि योगायोगाने मराठीतील ‘कट’ या जुन्या शब्दाला जाऊन मिळाला. संगनमत करून गुप्तपणे रचलेला बेत हा त्या जुन्या शब्दाचा अर्थ. हा केवळ शाब्दिक योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण या व्यवहाराचा नैतिक दोष नेमका याच अर्थात आहे.

डॉक्टरने पैसे मिळविणे हा दोष नव्हे. वैद्यकाला उपजीविका हवी, यंत्राचे कर्ज फेडावयाचे असते, दवाखान्याचे भाडे द्यावयाचे असते. दोष लपविण्यात आहे. हिस्सा देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला व्यवहार ठाऊक असतो. ज्याच्या खिशातून तो जातो त्यालाच तो ठाऊक नसतो. रुग्णास वाटते की डॉक्टरांनी अमुक केंद्राचे नाव घेतले ते तेथील तपासणी अचूक असते म्हणून. या समजुतीवर तो पैसे देतो, आणि त्याची हीच समजूत विकली जाते.

कट घेणाऱ्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. कुटुंबाचा डॉक्टर रुग्णाबरोबर शहरात जातो, तज्ज्ञाशी बोलतो, शस्त्रक्रियेच्या वेळी थांबतो, घरच्यांना धीर देतो. या श्रमाचे मोल त्याला कोणी देत नाही. मग तज्ज्ञाने आपल्या शुल्कातून दिले तर बिघडले कोठे? या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. श्रम खरे असतील तर त्यांचे शुल्क बिलावर लिहिता येते आणि रुग्णाला सांगता येते. जी रक्कम बिलावर लिहिण्याचे धैर्य होत नाही, ती श्रमाची नसून रुग्ण पुरविल्याची आहे, असे मानावयास हरकत नाही.

२. वैद्यकाच्या बाजारातील अज्ञान

अर्थशास्त्राच्या अध्यापकांना केनेथ ॲरो यांचा १९६३ मधील निबंध परिचित असेल. आरोग्यसेवा ही इतर वस्तूंसारखी वस्तू नाही, कारण आपल्याला काय हवे हे ग्राहकाला माहीत नसते; ते विक्रेताच ठरवितो, हा त्या निबंधातील विचाराचा एक मुख्य धागा. बर्नार्ड शॉ यांनी ‘द डॉक्टर्स डायलेमा’ (१९०६) या नाटकाला १९११ मध्ये जोडलेल्या प्रस्तावनेत हीच गोष्ट उपरोधाने मांडली होती : पाय कापण्याबद्दल ज्याला पैसे मिळणार, त्यालाच पाय कापावा की नाही हे विचारण्याची समाजाची रीत त्यांना विलक्षण वाटली.

महाराष्ट्रातील परिस्थितीत या अज्ञानाला दुसरी एक बाजू आहे. रुग्ण बहुधा स्वतःच्या खिशातून पैसे भरतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट झाली हे खरे, परंतु पाचातील दोन रुपये आजही घरातून, ठेवीतून, सावकाराकडून किंवा विकलेल्या जनावरातून येतात. विमा कंपनी अथवा शासन पैसे देणार असेल तर निदान कोणी तरी बिल तपासतो. राधानगरी, गगनबावडा किंवा कोकणातून घाट चढून कोल्हापुरात आलेल्या कुटुंबाच्या वतीने ते कोणी तपासीत नाही.

३. ‘कैफियत’ या रूपबंधाचा अर्थ

डॉ. गद्रे हे स्त्रीरोगतज्ज्ञ. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे त्यांनी दीर्घकाळ व्यवसाय केला आणि मराठी कादंबरीकार म्हणूनही ते परिचित आहेत. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेच्या कामातून त्यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. लहान गावातील सामान्य वैद्यकापासून महानगरातील अतिविशेषज्ञापर्यंत अनेक जण त्यात बोलतात. अनावश्यक तपासण्या, गरज नसताना होणाऱ्या शस्त्रक्रिया, नमुना न तपासताच मोरीत ओतून ‘नॉर्मल’ असा अहवाल देणाऱ्या तथाकथित ‘सिंक टेस्ट’, मोठ्या रुग्णालयांतून डॉक्टरांना दिली जाणारी शस्त्रक्रियांची उद्दिष्टे, औषध कंपन्यांच्या भेटी, असा हा तपशील आहे. बाहेरच्या पत्रकाराने हे लिहिले असते तर व्यवसायाने ते द्वेषमूलक म्हणून झटकले असते. आतल्यांनी सांगितल्यामुळे ते झटकता आले नाही. या पुस्तकांचे ऐतिहासिक मोल येथे आहे.

परंतु ‘कैफियत’ या शीर्षकाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. आपल्या दिवाणी न्यायालयांच्या मराठीत वादी ‘दावा’ दाखल करतो आणि प्रतिवादी त्यावर ‘कैफियत’ देतो. जुन्या दफ्तरांतही सरकारपुढे आपली बाजू मांडणारा लेख या अर्थाने हा शब्द आढळतो. म्हणजे कैफियत हे मुळात ज्याच्यावर आक्षेप आहे त्याचे निवेदन होय. प्रामाणिक डॉक्टरांवर व्यक्तिशः कोणाचा आक्षेप नाही. तरीही त्यांना कैफियत द्यावीशी वाटली, कारण आक्षेप त्यांच्या संपूर्ण व्यवसायावर आहे आणि आपण त्यातून वगळले जावे ही त्यांची न्याय्य इच्छा आहे. शीर्षक म्हणूनच अत्यंत अचूक आहे. त्यातच या लेखनाची मर्यादाही आहे.

कैफियतीचा नायक निवेदक असतो. कट नाकारल्यामुळे रुग्ण येईनासे झाले, सहकाऱ्यांनी वाळीत टाकले, शहर सोडावे लागले, या कथनाचा केंद्रबिंदू डॉक्टरचा विवेक आणि त्याची किंमत हा राहतो. वाचक या माणसाबद्दल आदर बाळगून पुस्तक मिटतो. हा आदर योग्यच आहे. मात्र त्यातून अशी समजूत दृढ होते की प्रश्न चांगल्या आणि वाईट माणसांचा आहे. चांगला डॉक्टर मिळाला की सुटला. खुद्द पुस्तकांतील पुरावा याच्या उलट बोलतो. साक्ष देणारे डॉक्टर पुनःपुन्हा सांगतात की नव्याने व्यवसाय थाटणाऱ्या तज्ज्ञापुढे कट देणे अथवा रिकामे बसणे असे दोनच पर्याय उरतात. जेथे सचोटीसाठी असामान्य धैर्य लागते, तेथे दोष माणसांइतकाच रचनेचाही असतो. गद्रे व शुक्ला यांना याचे भान आहे. ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ केवळ साक्षी देऊन थांबत नाही, नियमन आणि सार्वत्रिक आरोग्यसेवा यांचीही चर्चा करते. परंतु लोकांच्या मनात राहिल्या त्या शूर डॉक्टरांच्या कथा. नियमनाची प्रकरणे फारशी चर्चिली गेली नाहीत. रूपबंधाने आशयावर केलेली ही मात होय.

४. बाराशे रुपयांचा धनादेश

डॉ. बावसकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जालना जिल्ह्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबातून आलेल्या या डॉक्टरने महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांवर संशोधन केले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले, आणि प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने कोकणातील कितीतरी प्राण वाचले. २०२२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. २०१३ मध्ये त्यांना पुण्यातील एका निदान केंद्राकडून बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णास एमआरआय तपासणीसाठी पाठविले होते, त्याबद्दलचा हा हिस्सा होता. बावसकरांनी तो स्वीकारला नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली.

या घटनेचे महत्त्व रकमेत नाही. ज्याने मागितले नाही त्यालाही हिस्सा धनादेशाने पाठविला जातो, म्हणजे पाठविणाऱ्याला यात लपविण्यासारखे काही आहे असे वाटत नव्हते. व्यवहार इतका रूढ झाला होता की तो कार्यालयीन कामकाजाचा भाग बनला होता. आणि या प्रकरणात तक्रारदार कोण? डॉक्टर. ज्या रुग्णाने एमआरआयचे पैसे भरले त्याच्या हाती तक्रारीसाठी लागणारा कागदच नव्हता. धनादेश योग्य माणसाच्या पत्त्यावर गेला म्हणून ही गोष्ट जगासमोर आली. त्या काळात तो स्वीकारणाऱ्याच्या पत्त्यावर जाणारा प्रत्येक धनादेश नि:शब्द राहिला.

पुढे जून २०१७ मध्ये मुंबईतील एका मोठ्या हृदयरोग रुग्णालयाने प्रामाणिक सल्ला आणि डॉक्टरांना कमिशन नाही, अशा आशयाचा फलक लावला. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यास आक्षेप घेतला. फलकाचे वाचन साहित्यकृतीप्रमाणे केले तर दोन गोष्टी दिसतात. कमिशन न देणे ही जाहिरात करण्याजोगी गोष्ट ठरते, याचा अर्थ देणे हा नियम आहे. दुसरे असे की सचोटी स्वतःच विक्रीचे साधन बनते. बाहेरच्या डॉक्टरला हिस्सा न देणाऱ्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात आतल्या पगारी डॉक्टरला शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट असू शकते. तेथे कट देण्याची गरजच उरत नाही. रुग्ण एकाच इमारतीत एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातो. कटविरोधी चर्चा केवळ गावच्या डॉक्टरपुरती राहिली तर हा भाग निसटतो.

५. नियमांची भाषा आणि तिचे मौन

नियम नाहीत असे म्हणता येणार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्ण पाठविण्याबद्दल भेट, कमिशन वा बोनस देणे, मागणे आणि घेणे स्पष्टपणे निषिद्ध ठरविले. तपासणीसाठी नमुने पाठविण्यालाही तोच नियम लावला. डिसेंबर २००९ मध्ये औषध कंपन्यांकडून मिळणाऱ्या भेटी, प्रवास आणि पाहुणचार यांवर बंधने आली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित केले. महाराष्ट्रात २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कट प्रॅक्टिस प्रतिबंधक कायद्याचा मसुदा तयार केला. डॉ. बावसकर त्या समितीवर होते. मसुद्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

या नियमांच्या भाषेत एक मौन आहे. परिषदेची आचारसंहिता डॉक्टरला बांधते. पैसे देणाऱ्या केंद्राला किंवा कंपनीला बांधीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात हे अंतर काही अंशी बुजविले. डॉक्टरांना दिलेल्या भेटींवरील सुमारे ४.७२ कोटी रुपयांचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची कंपनीची मागणी न्यायालयाने फेटाळली. घेणे निषिद्ध असेल तर देणारा त्यावर करसवलत मागू शकत नाही, असे तत्त्व मांडले. हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळून रुग्णाकडूनच वसूल होतो, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. २०२४ मध्ये औषध विपणनासाठी एकसमान संहिता आली, पण तिची अंमलबजावणी मुख्यतः कंपन्यांच्या संघटनांवरच सोपविलेली आहे.

ग्राहक न्यायालयाचे दार रुग्णासाठी १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने निश्चितपणे उघडले. पण तेथे जाण्यासाठी आपले नुकसान झाले हे कळावे लागते. चुकीची शस्त्रक्रिया झाली तर ते कळते. अनावश्यक तपासणीचा अहवाल मात्र ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे लोक देवापुढे साखर ठेवतात. ज्याची फसवणूक झाली तो फसविणाऱ्याचे आभार मानून घरी परततो. असा मनुष्य दावा कशाच्या आधारे दाखल करणार?

६. कोल्हापूरचा अनुभव

वैद्यकातील यंत्र आणि पैसा यांच्या संबंधाचा एक अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतलेला आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यातील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे ८३९ इतके खाली आले होते. तत्कालीन जिल्हाधिकारी आणि मराठी कथाकार लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडण्याची मोहीम झाली. प्रत्येक तपासणीची नोंद यंत्रातच राहावी हा हेतू होता. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले; २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे प्रमाण ८६३ झाले, तर राज्याचे ९१३ वरून ८९४ पर्यंत घसरले. या वाढीचे श्रेय एकाच उपकरणाला देणे योग्य होणार नाही, कारण ते जनगणनेच्या जेमतेम आधी आले. तथापि प्रशासनाने पाळत ठेवली तर वैद्यकीय व्यवहार दृश्य करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. देशमुखांनी या विषयावर ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा कथासंग्रहही लिहिला.

या दोन प्रश्नांत भेद आहे. गर्भलिंगनिदानात पैसे देणारे कुटुंब व्यवहारात सामील असते. बळी पडते ती मुलगी. कटमध्ये कुटुंबच बळी असते. शिवाय लिंगनिदान यंत्रावर घडते म्हणून यंत्रावर पाळत ठेवता येते. कट दोन माणसांच्या समजुतीत घडतो, त्याची छबी कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. त्याची नोंद एकाच ठिकाणी होऊ शकते : रुग्णाच्या हातातील कागदावर. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची तरतूद झाली, ती या दिशेने टाकलेले पाऊल आहे. पण रुग्णास अमुक ठिकाणी पाठविण्यात पाठविणाऱ्याचा आर्थिक संबंध आहे किंवा नाही, हे लिहून देण्याची सक्ती दरपत्रकात येत नाही.

७. अनुपस्थित आवाज

साक्षीलेखनात दोन आवाज ऐकू येत नाहीत. पहिला रुग्णाचा. ज्या खेड्यातल्या स्त्रीचे गर्भाशय गरज नसताना काढले गेले तिच्याबद्दल डॉक्टर कळवळून बोलतात. ती स्वतः बोलत नाही. दलित आणि स्त्री आत्मकथनांनी मराठीत भोगणाऱ्याला निवेदक केले, ही आपल्या साहित्याची मोठी मिळकत आहे. आजारपणाच्या अर्थकारणाबाबत तसे झालेले नाही. रुग्णाच्या घरातील वही, ज्यात तपासण्या, औषधे आणि उसनवारी यांच्या नोंदी असतात, तीही या विषयावरील एक अस्सल संहिता होऊ शकेल.

दुसरा आवाज मध्यस्थाचा. औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी, प्रयोगशाळेचा विपणन कर्मचारी, महिन्याच्या अखेरीस पाकीट पोहोचविणारा तरुण. या तरुणांपैकी बरेच जण आपल्याच विज्ञान महाविद्यालयांतून बाहेर पडलेले असतात. रसायनशास्त्राची वा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन त्यांना ही नोकरी मिळते, आणि कोणत्या डॉक्टरला काय हवे याची यादी ही त्यांच्या कामाची पहिली शिदोरी असते. विक्रीचे उद्दिष्ट पूर्ण न झाल्यास नोकरी जाते. दोन्ही बाजूंची सर्वांत अचूक माहिती याच माणसाकडे असते, पण त्याच्या लेखी साक्षीसाठी मराठीत जागा नाही. वैद्यकीय नीतीचा विषय वैद्यकीय महाविद्यालयांनी पाहून घ्यावा, असे म्हणून आपण अध्यापक मोकळे होऊ शकत नाही, ते यामुळे.

समारोप

डॉ. गद्रे, डॉ. शुक्ला आणि डॉ. बावसकर यांच्या लेखनाने व कृतीने ‘कट’ हा कुजबुजीचा विषय सार्वजनिक चर्चेचा झाला. साक्ष देणाऱ्या डॉक्टरांनी त्याची व्यावसायिक किंमतही मोजली. हे ऋण मान्य करूनच असे म्हणावे लागते की कैफियत हा या विषयाचा शेवटचा शब्द असू शकत नाही. ती प्रामाणिक डॉक्टरला अप्रामाणिकापासून वेगळे करते. रुग्णाच्या हाती मात्र काही देत नाही. रुग्णाला थोर डॉक्टर भेटण्याच्या नशिबापेक्षा, सामान्य डॉक्टरकडेही फसवणूक होणार नाही अशी व्यवस्था अधिक उपयोगाची आहे. त्या व्यवस्थेची सुरुवात, पाठविणाऱ्याचा आर्थिक संबंध कागदावर लिहून रुग्णास देण्याच्या बंधनाने होऊ शकते. तो कागद हाती आला तर रुग्णाला दावा करता येईल, आणि दाव्यातून लेखनही येईल. तोपर्यंत मराठीतील या साक्षीलेखनाचे वाचन करताना, जो माणूस त्यात बोलत नाही तोच बिल भरतो आहे, हे लक्षात ठेवणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.